एका ढकलगाडीभोवती आठ माणसे

प्रश्न : मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. मराठी माध्यमाच्या शाळेत अनेक वर्षे भाषा शिकवून निवृत्त झाले. यंदा आम्ही आठ जणांनी आधुनिक अमेरिकन कवितेचा एक मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम एकत्र करायचे ठरवले. दर रविवारी संध्याकाळी माझ्या घरी लॅपटॉप टीव्हीला जोडून आम्ही त्यातली चर्चा पाहतो आणि मग स्वतः कविता वाचतो. विल्यम कार्लोस विल्यम्स यांची लाल ढकलगाडीवरची कविता आली, तेव्हा आमच्यातले एक निवृत्त अभियंते म्हणाले, ‘एक साधे वाक्य आठ ओळींत मोडून लिहिले आहे, यात कविता कुठे आहे?’ वाद वाढला. शेवटी मी सवयीने कवितेचा अर्थ सांगून टाकला. सगळे गप्प झाले, मग चहा झाला. शिकवणारे कोणी नसताना अशा कविता एकत्र कशा वाचाव्यात? आणि ‘ज्याचा त्याचा अर्थ बरोबर’ असे म्हणणे ही स्वतःची फसवणूक नाही का?

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत बोलके वाक्य ‘मग चहा झाला’ हे आहे. अर्थ सांगून झाला की चहाच होतो, कारण मंडळींना करण्यासारखे दुसरे काही उरत नाही. आपण सारे ज्या शाळांतून शिकलो, तिथे कवितेखाली ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ आणि ‘संदर्भासह स्पष्टीकरण करा’ हे प्रश्न ठरलेले असत. त्यामुळे कवीने एक सरळ विधान मुद्दाम अवघड करून ठेवलेले असते आणि शिक्षकाने ते सोपे करून परत द्यायचे असते, ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे की निवृत्तीनंतरही ती सुटत नाही. हे मी आपल्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझ्या स्वतःच्या घरी भरणाऱ्या वाचनगटात मीही हेच केले होते, आणि त्यानंतरच्या दोन बैठकींना निम्मी माणसे आली नव्हती.

आपण ज्या अभ्यासक्रमाविषयी लिहिता तो बहुधा ‘मॉडपो’ असावा. फिलाडेल्फियातील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक अल फिलराइस यांनी तो २०१२ मध्ये सुरू केला आणि तो दहा आठवड्यांचा आहे. तसे असेल तर एक गोष्ट आपल्या नजरेस आली असेलच. त्यातल्या ध्वनिचित्रफितींत व्याख्यान जवळजवळ नसतेच. विद्यापीठाच्या आवारातल्या एका जुन्या घरात, टेबलाभोवती प्राध्यापक आणि काही विद्यार्थी बसतात आणि एकेका शब्दावर बोलतात. प्राध्यापक विचारतात, कोणीतरी चाचपडत उत्तर देते, दुसरे कोणी त्यात भर घालते किंवा ते नाकारते. आपल्याकडे कीर्तनात निरूपण करणारा एक आणि ऐकणारे अनेक, ही रचना शतकानुशतके चालत आली आहे आणि तिचे मोल मी जाणतो, परंतु इथे नेमके तिच्या उलट चालते. आपला गट ही चर्चा ‘पाहतो’ असे आपण लिहिले आहे, आणि घोटाळा बहुधा तिथेच होतो. आधी चर्चा पाहिली की तीच उत्तरपत्रिका होते. म्हणून आधी कविता घ्यावी, तिच्यावर किमान पाऊण तास आपले आपण बसावे, आणि फीत त्यानंतर लावावी.

आता अभियंत्यांच्या प्रश्नाकडे येतो, कारण मला तो आक्षेप वाटत नाही, तो त्या संध्याकाळचा सर्वांत नेमका प्रश्न होता. एक साधे वाक्य आठ ओळींत मोडले आहे, हे त्यांचे निरीक्षण शब्दशः खरे आहे. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या या कवितेत अवघे १६ शब्द आहेत. पांढऱ्या कोंबड्यांशेजारच्या, पावसाच्या पाण्याने चकाकणाऱ्या एका लाल ढकलगाडीवर किती काही अवलंबून आहे, एवढेच ती म्हणते. दोन दोन ओळींची चार कडवी आहेत आणि प्रत्येक कडव्यात वरच्या ओळीत तीन व खालच्या ओळीत एक असेच शब्द आहेत. इतका कडक हिशेब कोणी निष्काळजीपणे करत नाही. तेव्हा ‘का मोडले?’ हाच प्रश्न गटापुढे ठेवायला हवा होता, आणि त्याचे उत्तर शोधायला साहित्याची पदवी लागत नाही. तीच कविता एका कागदावर सरळ एका ओळीत लिहावी, एकाने ती वाचावी, दुसऱ्याने मूळ मांडणीतली वाचावी, आणि कानाला काय वेगळे लागले ते प्रत्येकाने सांगावे.

आमच्या गटात हे केले तेव्हा एका बाईंच्या लक्षात आले की ढकलगाडीसाठी इंग्रजीत जो जोडशब्द आहे, तो कवीने दोन ओळींत तोडला आहे. वरच्या ओळीच्या शेवटी केवळ ‘चाक’ येते, लाल चाक, आणि क्षणभर तेच दिसते, गाडी खालच्या ओळीत मागाहून येते. पुढच्या कडव्यात पावसाच्या पाण्याचेही असेच दोन तुकडे होतात. सरळ वाक्यात आपण या वस्तूंवरून नजर फिरवून पुढे जातो, कारण ढकलगाडी हा शब्द आपल्याला पाठ असतो. तोडल्यामुळे ती वस्तू आपल्यासमोर पुन्हा एकदा जोडली जाते, चाकापासून. यंत्रांत आयुष्य घालवलेल्या माणसाला सुटे भाग आणि त्यांची जोडणी यांतला आनंद समजावून सांगावा लागू नये. आपल्या अभियंत्यांना हे काम आवर्जून द्यावे.

याच कवितेतली आणखी एक गंमत मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा लवकर सापडते. कवितेची सुरुवात साधारण ‘किती काही अवलंबून आहे’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते आणि त्यातला ‘वर’ या अर्थाचा शब्द एकटाच खालच्या ओळीत टाकलेला आहे. इंग्रजीत ‘अवलंबून असणे’ यासाठी जे क्रियापद आहे, त्याचे लॅटिन मूळ ‘खाली लोंबणे’ असे आहे. आपल्या ‘अवलंब’ शब्दातही संस्कृत ‘लंब्’ म्हणजे लोंबणे हाच धातू आहे. म्हणजे वरच्या तीन शब्दांना खालचा एक शब्द अक्षरशः लोंबकळतो आहे, आणि कवितेचे चारही भाग तसेच लोंबकळताना दिसतात. हे कोणी आम्हाला शिकवले नव्हते. मराठी भाषांतर करू पाहणाऱ्या एका गृहस्थांना ‘अवलंबून’ लिहिता लिहिता ते दिसले, आणि त्या दिवशी आमचा चहा खरोखरच थंड झाला.

‘ज्याचा त्याचा अर्थ बरोबर’ या म्हणण्याविषयी आपल्याला जी शंका आहे ती मी मानतो. ते म्हणणे वरवर उदार दिसते, पण प्रत्यक्षात ते चर्चेला कंटाळलेल्या माणसाचे म्हणणे असते. कवितेविषयी कोणीही काहीही म्हणावे, एवढेच की म्हणताना कवितेतल्या एखाद्या शब्दावर, विरामावर किंवा ओळीच्या तुटण्यावर बोट ठेवता आले पाहिजे. आमच्याकडे एकाने ही गाडी लाल आणि कोंबड्या पांढऱ्या म्हणून हा अमेरिकेचा झेंडा आहे असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. दुसऱ्याने विचारले, ‘मग निळा कुठे आहे?’ सर्वांनी १६ शब्द पुन्हा चाळले, निळा सापडला नाही, आणि झेंडा कोणाचाही अपमान न होता खाली उतरला. उलट, या कवितेत गाडी आहे पण ती ढकलणारा माणूस नाही, असे एका गृहिणीने म्हटले, तेव्हा ते कोणालाही खोडता आले नाही. दोन्ही माणसे तितकीच प्रामाणिक होती, परंतु दुसऱ्या म्हणण्याला कवितेचा आधार होता.

हा न दिसणारा माणूस पुढे आणखी महत्त्वाचा ठरतो. या कवितेविषयी अशी एक कथा फार सांगितली जाते की विल्यम्स, जे न्यू जर्सीतल्या रदरफर्ड गावी डॉक्टर होते, एका आजारी मुलाच्या उशाशी बसून खिडकीतून बाहेर पाहत असताना त्यांना ती सुचली. विल्यम्स यांनी स्वतः मात्र वेगळे लिहून ठेवले आहे. मार्शल नावाच्या एका वृद्ध कृष्णवर्णीय माणसाविषयी वाटणाऱ्या जिव्हाळ्यातून ही कविता आली आणि ती लाल गाडी व त्या पांढऱ्या कोंबड्या त्याच्या परसात होत्या, असे ते सांगतात. ही माहिती आपण बैठकीच्या सुरुवातीला दिली असती, तर साऱ्यांनी मार्शलविषयीच चर्चा केली असती आणि शब्दांकडे पाहिले नसते. गाडी ढकलणारा माणूस कवितेत नाही हे आधी गटाला स्वतः दिसले, आणि मग त्या माणसाचे नाव कळले, तर त्याचा परिणाम वेगळाच होतो. म्हणून कवीचे चरित्र नेहमी शेवटी ठेवावे. आपल्याजवळ ते आधीपासून असेल तरी खिशात ठेवावे. शिक्षकाला याइतके अवघड दुसरे काही नसते हे मला माहीत आहे.

आणखी एक सुचवतो. परक्या कवितेवर हे प्रयोग करण्यापूर्वी एखादी मराठी ओळ घ्यावी, कारण भाषा आपली असली की भीती कमी होते. मर्ढेकरांची ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ ही ओळ आपण वर्गात शिकवली असेल, निदान तिच्यावरचे वाद ऐकले असतील. यंत्रयुग, युद्ध, माणसाचे क्षुद्रपण हे सगळे क्षणभर बाजूला ठेवून ‘ओल्या’ या एका शब्दापाशी थांबावे. उंदीर ओले असते तर व्याकरणाने ‘ओले उंदिर’ म्हटले असते. ‘ओल्या’ हे सामान्यरूप आहे, म्हणून ते ‘पिपात’ या शब्दाचे विशेषण आहे. पण कवीने ते पिपापासून उचलून उंदरांशेजारी आणून ठेवले, त्यामुळे व्याकरण ओल पिपाला देते आणि कान ती उंदरांना देतो. पुढच्या ओळीत ‘मुरगळल्याविण’ हा एवढा लांब, जिभेला पीळ देणारा शब्द येतो आणि तो जे घडले नाही त्याविषयी असतो. इतके दिसल्यानंतर यंत्रयुगाकडे खुशाल वळावे. याच मर्ढेकरांच्या कविता १९४० च्या दशकात आपल्या बडोद्याहून निघणाऱ्या ‘अभिरुची’ मासिकाने छापल्या होत्या, तेव्हा आपल्या गटाने ही कविता वाचणे म्हणजे गावातलीच एक जुनी बैठक पुन्हा मांडण्यासारखे आहे.

येत्या रविवारी कवितेतला एकेक शब्द चिठ्ठीवर लिहून वाटून टाकावा. ज्याच्या वाट्याला जो शब्द येईल त्याने फक्त त्याच्याविषयी बोलावे, मग तो शब्द ‘च’ असो वा ‘आणि’ असो. आणि आपण स्वतः, बाई, एकच चिठ्ठी घ्यावी.

प्रश्न : मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात पाळीत काम करतो. शिक्षण मराठीत आणि गुजरातीत झाले, इंग्रजी कामापुरते येते. अशा अभ्यासक्रमात मी गेलो तर हसे होईल का? शिवाय तो सप्टेंबरात सुरू होतो, तेव्हा इथे गणपती आणि लगेच नवरात्र असते.

उत्तर : दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. नवरात्रात बडोद्यात बसून कोणी कविता वाचेल असे मला वाटत नाही, आणि वाचावी अशी अपेक्षाही नाही. अभ्यासक्रमातले साहित्य वर्षभर उघडे असते, त्यामुळे गरबा आटोपून पुन्हा सुरुवात करता येते. थेट चर्चा मात्र फिलाडेल्फियाच्या वेळेनुसार होतात आणि ते घड्याळ त्या दिवसांत आपल्या साडेनऊ तास मागे असते, म्हणून त्या आपल्या रात्री पडतात. रात्रपाळी असेल तर विसाव्याच्या वेळी ऐकाव्यात, नाहीतर नंतर ऐकाव्यात.

इंग्रजीविषयी आपला समज उलटा आहे. आधुनिक अमेरिकन कवितेतल्या ज्या भागाला सर्वांत दुर्बोध मानले जाते, त्यातले शब्द सर्वांत सोपे आहेत. गर्ट्रूड स्टाइन या अमेरिकेत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये राहिलेल्या लेखिकेचे उदाहरण घ्या. ‘गुलाब म्हणजे गुलाब म्हणजे गुलाब म्हणजे गुलाब’ अशा धर्तीची त्यांची ओळ जगभर प्रसिद्ध आहे. तिच्यात शब्दकोश उघडावा असा एकही शब्द नाही. ज्याचे इंग्रजी उत्तम आहे तोही तिथे आपल्याइतकाच अडतो, फक्त तो अडल्याचे कबूल करत नाही.

ही ओळ मराठीत आणायचा प्रयत्न करून पाहा. मूळ ओळीत पहिला गुलाब नुसताच येतो आणि नंतरच्या प्रत्येक गुलाबाआधी ‘एक’ या अर्थाचा छोटा शब्द येतो. त्यामुळे पहिला शब्द फुलाचा आहे की एखाद्या स्त्रीचे नाव आहे, हे इंग्रजीत सांगता येत नाही. मराठीत मात्र आपल्याला लगेच ठरवावे लागते. ‘गुलाब हा’ लिहिले की फूल झाले, ‘गुलाब ही’ लिहिले की बाई झाली, आणि आपल्याकडे जुन्या घरांत गुलाब नावाच्या आत्या, मावश्या असतच. इंग्रजी वाचकाला जे दोन्ही एकदम मिळते त्यातले एक मराठी भाषांतरकाराला सोडावे लागते. ‘हा’ की ‘ही’ या एका अक्षरापाशी आपली लेखणी थांबली, म्हणजे आपण ती कविता वाचलीत. स्टाइन यांचे म्हणणे असे होते की त्या ओळीत इंग्रजी कवितेतला गुलाब शंभर वर्षांत पहिल्यांदा लाल झाला. हा दावा थोडा फुशारकीचा आहे, पण त्यामागचा विचार खरा आहे. वापरून वापरून गुळगुळीत झालेला शब्द त्यांना पुन्हा नवा करायचा होता. गुजराती आणि मराठी या दोन भाषांत रोज ये-जा करणाऱ्या आपल्यासारख्या माणसाला शब्द गुळगुळीत होतात म्हणजे काय, हे एकभाषिक माणसापेक्षा नक्कीच जास्त कळते. गुजरातीत गुलाब नपुंसकलिंगी आहे, हेही गटात सांगावे. तिसरा घोळ त्यातून निघेल.

निबंध लिहावे लागतात, ते सहाध्यायी वाचतात आणि अभिप्राय देतात. तिथे साधी, छोटी वाक्ये लिहावीत. एखाद्या शब्दाविषयी खरोखर काही दिसले असेल, तर व्याकरणाच्या चुकांकडे तिथे सहसा कोणी बोट दाखवत नाही.

प्रश्न : आपल्या सदरात अलीकडे या परदेशी, ओढूनताणून लिहिलेल्या कवितांचे कौतुक वाढले आहे. ज्ञानेश्वर, तुकाराम, मुक्ताबाई घरात असताना ही नवी फॅडे कशाला? माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : राग नाही. परंतु ‘नवी’ हा शब्द तपासून पाहावा. हा अभ्यासक्रम ज्या दोघांपासून सुरू होतो, त्यातल्या वॉल्ट व्हिटमन यांचा संग्रह १८५५ सालचा आहे, आणि एमिली डिकिन्सन १८८६ मध्ये वारल्या. त्यांच्या सुमारे १८०० कवितांपैकी हयातीत जेमतेम दहा छापल्या गेल्या, त्याही बहुतेक संपादकांनी ‘सुधारून’. ओढूनताणून लिहिल्याचा आरोप त्यांच्यावर तेव्हाच झाला होता. यातल्या काही कविता मलाही ओढूनताणून लिहिलेल्या वाटतात. चिठ्ठ्या टाकून, योगायोगाने शब्द जुळवून केलेल्या रचनांपाशी माझे मन दोन वाचनांनंतर उठते, आणि मी तसे गटात सांगतो.

घरचे आणि परके ही जी रेघ आपण ओढता, ती आपल्याच गावच्या कवीने पुसली आहे. दिलीप चित्रे १९३८ मध्ये बडोद्यात जन्मले. वर ज्याचा उल्लेख आला ते ‘अभिरुची’ त्यांच्याच वडिलांचे. मराठीत अत्यंत प्रयोगशील कविता लिहिणाऱ्या या माणसाने वर्षानुवर्षे तुकारामांचे अभंग इंग्रजीत नेण्याचे काम केले. अरुण कोलटकरांनीही तुकारामांची भाषांतरे केली. प्रयोग करणारे संतांकडे पाठ फिरवतात असे दिसत नाही. ते तिथे वारंवार जातात.

आपण मुक्ताबाईंचे नाव घेतले, म्हणून त्यांच्याच पदावर येऊ. ‘मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्याशी’ हे आपण लहानपणापासून ऐकले असेल आणि त्याचा अध्यात्मपर अर्थही आपल्याला पाठ असेल. हे पद म्हणजे कूट, एक कोडे आहे; कूटाला उत्तर असते, आधुनिक कवितेला तसे एकच उत्तर नसते, हा फरक मला मान्य आहे. पण उत्तराकडे जाण्याआधीचा जो भाग आहे, तो दोन्हीकडे सारखाच आहे. आमच्या गटात हे पद घेतले तेव्हा सर्वांनी आधी आत्मा, ब्रह्म, माया असे शब्द टाकले. मग एका मुलीने विचारले की मुंगी उडते हे अशक्य आहे असे आपण का धरून चाललो आहोत? पहिला पाऊस पडून गेला की बडोद्यात संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखांच्या मुंग्यांचा थवा जमतो, सकाळी केरसुणीने नुसते पंख गोळा करावे लागतात. म्हणजे पदाचा पहिला अर्धा भाग अक्षरशः खरा आहे, आणि अशक्य गोष्ट फक्त दुसऱ्या अर्ध्यात आहे. इतकी वर्षे ते पद म्हणणाऱ्या आम्हा कोणालाही हा सांधा दिसला नव्हता.

दांडिया बाजारातल्या पहिल्या पत्रलेखिका बाईंची हरकत नसेल तर त्यांचा पत्ता आपल्याला वेगळा कळवू. येताना मुक्ताबाईंचे दुसरे एखादे पद घेऊन यावे, आणि त्याचा अर्थ निदान पाऊण तास सांगू नये.